पुनरुज्जीवन नको : रुग्णाची इच्छा आणि वृद्धाश्रमाची जबाबदारी

हृदय बंद पडलेल्या व्यक्तीची छाती दाबून व तिला कृत्रिम श्वास देऊन रक्ताभिसरण सुरू ठेवण्याच्या उपचारास हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, म्हणजेच सीपीआर, असे म्हणतात. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी हा उपचार प्राण वाचवतो. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील वृद्धाच्या बाबतीत मात्र त्यातून बहुधा बरगड्या मोडण्याचा त्रास आणि काही दिवसांचे यंत्राधीन आयुष्यच पदरी पडते. म्हणून हा उपचार करू नये, असा लेखी वैद्यकीय आदेश आधीच देता येतो.

न्यायालयीन वाटचाल

ग्यान कौर खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मध्ये मरणाचा हक्क अंतर्भूत नसल्याचे सांगितले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर अनेक दशके अचेतनावस्थेत होत्या. त्यांच्यासंबंधीची याचिका न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग खुला केला. 'कॉमन कॉज' खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशास, म्हणजेच 'लिव्हिंग विल'ला, मान्यता दिली. संसद कायदा करेपर्यंतच्या काळासाठी त्याची कार्यपद्धतीही घालून दिली.

ही पद्धत फार किचकट ठरल्याने २०२३ मध्ये ती सुलभ करण्यात आली. निर्देशावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट गेली. उपचार थांबवण्याचा निर्णय प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे घेतात आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे.

मूळ अडचण : वेळ

मंडळाला ४८ तास मिळतात; रक्तप्रवाह थांबलेल्या मेंदूला मात्र चार ते सहा मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. शिवाय ही कार्यपद्धती रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे लहान खासगी रुग्णालय. तेथे डॉक्टर असतात. वृद्धाश्रमात रात्री बहुधा एखादी सेविकाच असते. ती १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावते आणि आलेल्या पथकासमोर कागद नसेल, तर पथक पुनरुज्जीवन सुरू करते. पथकाची कृती योग्यच असते; कारण इच्छा ज्ञात नसताना प्राण वाचवणे हेच कर्तव्य ठरते. वृद्धाची इच्छा कपाटातील निर्देशातच राहते.

आदेशाचा अर्थ व मर्यादा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार उपचार करणारा डॉक्टर रुग्णाशी, आणि तो सक्षम नसल्यास त्याच्या आप्तांशी, चर्चा करून लेखी नोंद करतो. हा आदेश केवळ पुनरुज्जीवनापुरता असतो. वेदनाशमन, शुश्रूषा आणि इतर योग्य उपचार चालूच राहतात. घशात घास अडकल्यास तो काढणे हे पुनरुज्जीवन नव्हे. ती मदत नाकारता येत नाही. रुग्णाची प्रकृती किंवा मत बदलल्यास आदेशाचाही फेरविचार होतो.

पुढील दिशा

ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. निवारा उभारताना अखेरच्या दिवसांचाही विचार व्हायला हवा. प्रवेशानंतर शांतपणे रुग्णाची इच्छा विचारणे, डॉक्टरांची सही असलेला आदेश दर्शनी फाइलमध्ये ठेवणे, त्याची प्रत रुग्णवाहिकेसोबत देणे, नातेवाइकांना आधीच कल्पना देणे आणि रात्रपाळीच्या सेविकेला प्रशिक्षण देणे, या उपायांना फारसा खर्च लागत नाही.

न्यायालयाने हक्क मान्य केला आहे. तो प्रत्यक्षात उतरतो की नाही, हे मात्र संकटाच्या पहिल्या काही मिनिटांत योग्य कागद योग्य हाती आहे की नाही, यावरच अवलंबून राहते.