नाव एक, पाचारण वेगळे



कोणत्याही धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची वही उघडा, तीच ती नावे पुन्हा पुन्हा भेटतात. फ्रान्सिस, जोसेफ, अंतोन, मरिया. एकाच गल्लीत दोन फ्रान्सिस असले की गाव आपोआप तोडगा काढते. एक थोरला फ्रान्सिस होतो, दुसरा धाकटा. नाव तेच असले तरी माणूस तोच नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मग आपल्या मुलाला संताचे नाव देण्याने नेमके काय साधते? आज आपण या प्रश्नाचा अभ्यास करू.

पवित्र शास्त्रातील सारखी नावे

प्रभू येशूने निवडलेल्या बारा प्रेषितांची यादी पाहा (लूक ६:१४-१६). त्यात दोन शिमोन आहेत, दोन याकोब आहेत आणि दोन यहूदा आहेत. एका यहूदाने प्रभूला धरून दिले. दुसरा यहूदा म्हणजे संत यूदा तदेय. त्यांचा सण आपण २८ ऑक्टोबरला साजरा करतो आणि अडचणीच्या वेळी त्यांचा धावा करतो. संत योहान या दुसऱ्या यहूदाचा उल्लेख करताना हा इस्कार्योत नव्हे, असे मुद्दाम सांगतात (योहान १४:२२). दोघांचे नाव एक, गुरू एक, पंगतही एकच. तरी शेवट किती वेगळा! म्हणजे नाव माणसाला आपोआप तारत नाही आणि आपोआप बुडवतही नाही.

पाच फ्रान्सिस

आता आपल्या ओळखीचे एक नाव घेऊ. फ्रान्सिस या शब्दाचा मूळ अर्थ 'फ्रेंच माणूस' एवढाच. असिसीच्या कापड व्यापाऱ्याच्या मुलाचे बाप्तिस्म्याचे नाव होते जॉन, म्हणजे योहान. वडिलांनी त्याला फ्रान्सिस म्हणायला सुरुवात केली. असे हे साधे हाक मारण्याचे नाव. त्या तरुणाने श्रीमंती सोडली, कुष्ठरोग्यांना मिठी मारली, गरिबीला आपले मानले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे निधन झाले. २०२६ साली त्याला ८०० वर्षे पूर्ण होतात. एका माणसाच्या जगण्यामुळे एका टोपणनावाला पवित्र अर्थ आला.

दुसरे, संत फ्रान्सिस झेवियर. पॅरिसच्या विद्यापीठात शिकून तेथेच तत्त्वज्ञान शिकवणारा हा बुद्धिमान तरुण ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. रस्त्यातून घंटा वाजवत ते मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारातील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत त्यांचे अवशेष आहेत. असिसीचे फ्रान्सिस सुखी घर सोडून गरिबांत गेले. झेवियर मान-मरातबाची वाट सोडून परक्या किनाऱ्यांवर गेले.

तिसरे, संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२). १५९४ साली तरुण धर्मगुरू म्हणून ते शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा तेथील लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येत नसत. मग त्यांनी श्रद्धेवरील विचार कागदावर लिहून ते लोकांच्या दारांखालून आत सरकवले. तुमच्या हातातले हे रविवारचे पत्रक त्याच परंपरेतले आहे! पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित केले. त्यांच्या नावाने १८३८ साली आनसी शहरात स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू, म्हणजे फ्रान्सेलियन फादर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात आले आणि मराठवाड्यात सुवार्तेचे बीज पडले. आपल्या भागात हे नाव घरोघरी ऐकू येते ते उगीच नाही.

चौथे, पोप फ्रान्सिस. १३ मार्च २०१३ रोजी त्यांची निवड झाली, तेव्हा शेजारी बसलेल्या कार्डिनल हुमेस यांनी त्यांना मिठी मारून गरिबांची आठवण ठेवायला सांगितले. त्या क्षणी त्यांना असिसीचे संत आठवले आणि पूर्वी कोणत्याही पोपने न घेतलेले हे नाव त्यांनी घेतले. २१ एप्रिल २०२५ रोजी निधन होईपर्यंत ते त्या नावाला जागले.

पाचवे आपल्या मराठीचे, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, हरित वसईसाठी लढा आणि 'सुबोध बायबल' हे त्यांचे काम. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला हा मान मिळाल्याबद्दल काहींनी विरोध केला. आजारी असूनही ते संमेलनाला आले. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले.

यातून काय शिकायचे?

या पाच जणांपैकी एकानेही दुसऱ्याची नक्कल केली नाही. झेवियर असिसीत बसून राहिले असते, तर ते चांगले फ्रान्सिस ठरले नसते. चौदाव्या शतकाच्या आरंभी निधन पावलेले फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ जॉन डन्स स्कोटस सांगत की, प्रत्येकात 'हा म्हणजे हाच' असे काहीतरी असते, जे दुसऱ्या कोणातही नसते. एका शेतात एकच ज्वारी पेरली तरी देवाच्या नजरेत प्रत्येक कणीस वेगळे असते. उत्तम मेंढपाळ कळपाला सरसकट हाक मारीत नाही. तो एकेका मेंढराला नावाने बोलावतो (योहान १०:३). गावाला थोरला-धाकटा म्हणावे लागते, देवाला लागत नाही.

म्हणून संताचे नाव म्हणजे पुण्याचा दाखला नव्हे. ती सोबत आहे आणि हाक आहे. आपल्याआधी कोणीतरी या नावाने चालून गेले आहे, आता तुझी पाळी, असे ते नाव सांगते.

आपल्याकडील एक दुखणे

आपल्या अनेक मुलांना दोन नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर एक, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरे. त्याची कारणे आपण सर्व जाणतो. त्यासाठी कोणाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. दुःख याचे आहे की, ते दुसरे नाव बाप्तिस्म्याला एकदा उच्चारले जाते आणि मग वहीतच झोपी जाते. लग्नासाठी दाखला हवा असतो, तेव्हा मुलालाच आपले नाव आठवत नाही! ज्या नावाने आपण देवाची लेकरे झालो, ते आपल्याच घरात परके का असावे?

नाव परदेशीच हवे, असा ख्रिस्तसभेचा आग्रह नाही. ते ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढेच १९८३ ची धर्मसंहिता सांगते (कलम ८५५). दक्षिणेतील नीलकंठ पिल्लै यांनी १७४५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लाजरस या नावाचे तमिळ रूप त्यांना मिळाले : देवसहायम. श्रद्धेसाठी १७५२ साली त्यांनी प्राण दिले आणि १५ मे २०२२ रोजी ते संत घोषित झाले. नाव आपल्या मातीतले, साक्ष मात्र सार्वत्रिक.

घरी विचार करण्यासाठी

१. माझे बाप्तिस्म्याचे नाव काय? त्या संताविषयी मला कोणत्या तीन गोष्टी ठाऊक आहेत?

२. माझ्या संताचा सण कोणत्या तारखेला येतो? वाढदिवसाचा केक आपण आणतो; त्या दिवशी निदान एक प्रार्थना होते का?

३. माझ्या संताने जे केले, त्याला आज शेतात, घरात, कामाच्या ठिकाणी कोणते रूप देता येईल?

ज्यांना आपले नाव किंवा सणाची तारीख माहीत नसेल, त्यांनी मिस्सानंतर धर्मगुरूंच्या निवासात यावे. वहीत पाहून सांगितले जाईल. आणि या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर आईवडिलांनी प्रत्येक मुलाला एकदा तरी त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारावी. आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत, यातच आनंद माना, असे प्रभूने शिष्यांना सांगितले आहे (लूक १०:२०). तेथे लिहिलेले नाव आपल्याला येथेही ठाऊक असावे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.

तुमचे धर्मगुरू
केदारखेडा