पडद्याआडचें काम

वार्षिक संमेलनाचा अहवाल उघडावा, तों वक्त्यांचीं व नटांचीं नांवें ठळक दिसतात. सतरंज्या घालणारे, दिवे सांभाळणारे, पडदा ओढणारे यांचा उल्लेख 'इतरांचें साह्य लाभलें' एवढ्यांतच आटोपतो.

आपल्या सोलापुरांत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज मिरवणुकीनें निघतात. ती उंच, अवजड काठी गर्दींतून तोल सांभाळून नेणें सोपें नव्हे. तिचा सराव कित्येक दिवस आधीं चालतो. तो पाहावयास मात्र फारसें कोणी जात नाहीं.

विद्यार्थिमंडळांची गोष्ट अशीच. त्यांतही बहुतेक मंडळांत सारा भार एकट्या चिटणिसावर पडतो, आणि परीक्षा जवळ आली कीं मंडळ झोपीं जातें. १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउनसी बेटावर बालवीरांचें पहिलें शिबिर भरविलें, तेव्हां सुमारें २० मुलांच्या ४ तुकड्या पाडून प्रत्येकीस मुलांतूनच नायक दिला. वाङ्मयमंडळासही हें करतां येईल. एका तुकडीनें बैठक मांडावी, दुसरीनें निमंत्रणें लिहावीं, तिसरीनें सभा संपल्यावर खोली झाडावी. हें शेवटचें काम आळीपाळीनें अध्यक्षांनींही करावें, असें माझें मत आहे. ते रागावतील, तर रागावोत! आणि पुढील अंकाच्या अहवालांत झाडणाऱ्यांचीं नांवें वक्त्यांच्या आधीं छापावीं, ही संपादकांस विनंति.