किमान रक्कम भरली, कर्ज फिटलं नाही

माझा भाचा पुण्यात नोकरीला लागला आणि वर्षभरातच त्याच्या हाती क्रेडिट कार्ड आलं. नवा मोबाइल, गाडीची दुरुस्ती, मित्रांबरोबरची सहल, सगळं कार्डावर. बिल आलं की त्यातली ‘मिनिमम ड्यू’ रक्कम तो वेळेवर भरायचा. “मामा, मी एकही तारीख चुकवलेली नाही,” असं तो सांगे, आणि ते खरं होतं. तरी बाकी हलत नव्हती.

आम्ही बिल समोर ठेवून हिशोब मांडला. बाकी ५० हजार रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. त्याने भरलेल्या २,५०० रुपयांपैकी २,०६५ यातच गेले आणि मुद्दल फिटलं फक्त ४३५ रुपयांचं. शिवाय बिल पूर्ण न भरल्याने बिनव्याजी मुदतही गेली. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढत होतं.

कार्डाची बाकी भागवायला त्याने आधीच एका अ‍ॅपवरून कर्ज उचललं होतं. पुढे दोन्हीकडचे हप्ते थकले, तेव्हा त्याने बँकेने देऊ केलेली ‘सेटलमेंट’ स्वीकारली. थोडी रक्कम माफ झाली, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ हा शेरा बसला आणि नंतर घरासाठी केलेला कर्जाचा अर्ज त्याच शेऱ्यावर अडला.

चक्रवाढ व्याजाची गणितं या मुलाने शाळेत सोडवली होती. कार्डाचं बिल कसं वाचायचं हे मात्र त्याला कोणी दाखवलं नव्हतं. घरातलं कर्ज मुलांसमोर बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत मुलांनाच महागात पडते.

म्हणून तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे. महिनाअखेरीस पूर्ण भरता येईल तेवढाच खर्च कार्डावर करा आणि ऑटो-डेबिट पूर्ण रकमेचं लावा. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, त्यावर लगेच व्याज सुरू होतं.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवा. ३०० ते ९०० मधला स्कोअर तर बघाच, पण आपण न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर नाही ना, तेही तपासा.

अ‍ॅपवरून कर्ज घ्यायचंच असेल तर त्यामागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते आधी शोधा. वार्षिक दर आणि सगळे आकार दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं त्यांना बंधनकारक आहे. अ‍ॅप फोनमधले नंबर मागत असेल तर तिथूनच मागे फिरा.

हप्ता थकणार असं दिसताच बँकेत जाऊन हप्ते बांधून मागा. सेटलमेंट हा अगदी शेवटचा मार्ग. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि आईवडिलांनो, मुलाचा पहिला पगार झाला की स्वतःच्या गृहकर्जाचं विवरण त्याच्यासमोर ठेवा. त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती, हे त्यालाच काढायला सांगा.