पूर ओसरल्यावरचे घर

प्रश्न : पुराचे पाणी घरातून ओसरल्यावर कुटुंबाने आधी काय करावे?

उत्तर : २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टी आणि भरती यांची गाठ पडून वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा आकस्मिक पुरानंतर गाळ उपसण्याची घाई स्वाभाविक असली, तरी पंचनामा, म्हणजे नुकसानीची पंचांसमक्ष होणारी अधिकृत नोंद, होण्याआधी काही हलवावे लागल्यास भिंतीवरील पाण्याच्या खुणेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण भरपाईसाठी पंचनामा हाच मुख्य आधार असतो. भिजलेली वीजजोडणी तपासणीविना सुरू करू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, बहुधा जखमेवाटे, शरीरात शिरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार मात्र सहज दुर्लक्षिला जातो. म्हणून गमबूट वापरावेत आणि ताप येताच पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घर सावरताना मुलांची शाळा पुन्हा सुरू होणेही भांडीकुंडी जमवण्याइतकेच निकडीचे आहे.