२९९चा पिझ्झा ३९६ला कसा?

प्रश्न : अ‍ॅपवर २९९ रुपयांचा पिझ्झा मागवला, बिल आलं ३९६. ही लूट नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लूट म्हणता येणार नाही, पण हिशोब पाहा. पिझ्झा २९९, पॅकिंग २०. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १६ रुपये. डिलिव्हरी ४० आणि प्लॅटफॉर्म फी १२. या ५२ रुपयांवर १८ टक्के, म्हणजे नऊ-साडेनऊ. झाले ३९६. अ‍ॅपवरून होणाऱ्या डिलिव्हरीवर १८ टक्क्यांचा हा नियम २२ सप्टेंबर २०२५पासून आहे. प्लॅटफॉर्म फी २०२३मध्ये दोन रुपयांपासून सुरू झाली, तेव्हा कुणी फारशी कुरकुर केली नाही!

खरी मेख मूळ किमतीत असते. अ‍ॅपचं कमिशन भरून काढायला अनेक हॉटेलं तिथले दर चढे ठेवतात. त्यामुळे आधी दुकानात फोन करून भाव विचारा. जवळ असेल तर स्वतः जाऊन आणा. ५ टक्के जीएसटी मात्र तिथेही सहसा सुटणार नाही. ‘आणखी ८० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फुकट’ याला भुलून ४० वाचवायला ८० घालवू नका. न विचारता देणगी किंवा ‘टिप’ बिलात घुसवली असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.