सर्पगंधा आणि कार्यकारणभाव

रक्तवाहिन्या म्हणजे निर्जीव नळ्या नव्हेत. लहान रोहिण्यांच्या भित्तिकांत स्नायू असतात आणि मज्जातंतूंच्या आदेशाने ते आकुंचन पावतात. वाहिन्या अरुंद झाल्या की रक्तदाब वाढतो, सैल झाल्या की उतरतो. १८५१ मध्ये फ्रान्समध्ये क्लॉड बर्नार यांनी सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान उष्ण झाला. पुढे त्या तंतूला विजेची चेतना देताच कान थंड पडला. नियंत्रण कोणाचे, हे त्यातून उमगले.

आपल्या देशात सर्पगंधेचे मूळ निद्रानाश व उन्मादावर पूर्वापार दिले जाई. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. मात्र त्याने रक्तदाब उतरतो कसा, हा प्रश्न उरला.

मज्जातंतू आपला आदेश नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाद्वारे पोहोचवतो. १९५८ मध्ये बर्न आणि रँड या इंग्लंडमधील संशोधकांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांना टायरामिन टोचले. एरवी रक्तदाब चढवणारे हे द्रव्य निष्प्रभ ठरले. नॉरॲड्रेनॅलिन टोचल्यावर मात्र रक्तदाब चढला आणि त्याचा पुरवठा केल्यानंतर टायरामिनही पुन्हा परिणाम करू लागले. म्हणजे वाहिनी बधिर झालेली नव्हती, जासूदाची थैली रिकामी झाली होती. रिसर्पिन तंतूच्या टोकाशी असलेला साठाच संपवते.

हेच औषध मेंदूतील साठेही रिते करते. ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नतेने ग्रासल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. झाडपाल्याचे औषध निरुपद्रवीच असते, हा समज म्हणूनच घातक होय.

परंपरेने आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. परंपरेने आले एवढ्यावरून ते टाकूनही द्यायचे नसते, तपासायचे असते. ही तपासणी मुक्या प्राण्यांच्या वेदनेवर उभी आहे, हेही करुणा शिकवणाऱ्या शाळेने झाकून ठेवू नये. आपले जे विद्यार्थी प्रयोगशाळेत पाऊल ठेवतील, त्यांनी हे ऋण स्मरावे. ज्याचे उत्तर आधीच मिळाले आहे, अशा प्रश्नासाठी आणखी एका जिवाला वेदना देऊ नये.