मध्यरात्रीचे टपाल

मुलांनो, आज आपण दूरदेशीच्या आप्तांशी क्षणार्धात बोलू शकतो. परंतु एके काळी मुंबईचे पत्र आगगाडीने कलकत्त्यास पोहोचण्यास दीड-दोन दिवस लागत. उत्तर यावयास तितकेच दिवस मोजावे लागत. हे अंतर एका रात्रीवर आणणाऱ्या योजनेची ही हकिकत आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन एक चिमुकले विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर स्वतः चालवीत आणले. ते उड्डाण दिवसाचे होते. पण पत्रे दिवसभर लिहिली जातात आणि सायंकाळी टपालकचेरीत गोळा होतात. ती रात्रीच निघाली, तरच सकाळी परगावी वाटता येतील. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किदवई यांनी हा विचार उचलून धरला आणि ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले.

या योजनेचे मर्म तिच्या साधेपणात होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ही चार शहरे एकमेकांस सरळ जोडावयाची, तर सहा मार्ग लागतात. मध्यभागी नागपूर घेतले, की चारच मार्ग पुरतात. म्हणून रोज रात्री चारही शहरांतून एकेक विमान नागपुराकडे निघे. मध्यरात्रीच्या सुमारास ती सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे पिशव्यांची अदलाबदल होई. उतारूही एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसत. मग प्रत्येक विमान इतर तीन शहरांचे टपाल घेऊन आपल्या गावी परते आणि पहाटेपर्यंत तेथे पोहोचे.

प्रारंभी हे काम डाकोटा विमानांनी केले. हे विमान प्रथम १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत उडाले. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो विमाने बांधली गेली व युद्ध संपताच त्यांतील कित्येक भारतीय कंपन्यांनी विकत घेतली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना श्रीनगरास पोहोचविले, तेही डाकोटांनीच. डाकोटाच्या शेपटीखाली एक लहान चाक असे. त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून उभे राही. मागच्या दाराने आत शिरलेल्या उतारूस पुढच्या आसनाकडे चढण चढावी लागे! त्याची दोन इंजिने ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेग देत. म्हणजे मुंबईहून नागपूर गाठण्यास अडीच तास तरी लागत. आतील हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ते फार उंच जाऊ शकत नसे. म्हणून पावसाळ्यात ढगांना टाळून वर जाणे त्यास साधत नसे. हिसके सोशीत त्यांतूनच वाट काढावी लागे.

माझे बालपण नागपुरात गेले. १९६० नंतरच्या त्या वर्षांत कधी मध्यरात्री झोप मोडली, की आकाशातील घरघर कानी येई. शेजारी निजलेली आजी पुटपुटे, “डाक आली, बाळा, नीज आता.” आजोबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मद्रासला नोकरीस असलेल्या काकांचे पत्र दुसऱ्याच दिवशी हाती पडे. आजोबा ते दोनदा वाचवून घेत व उशाशी ठेवीत. औषधाने येत नसे ती टवटवी त्या पत्राने त्यांच्या मुद्रेवर येई.

हे सुख फुकट मिळत नव्हते. उपग्रहांची मदत त्या काळी नव्हती. होकायंत्र, बिनतारी संदेश आणि जमिनीवरील दिवे यांच्या आधारे वैमानिक अंधारातून मार्ग काढीत. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स चालू केली व ही सेवाही तिच्याकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपुराहून मद्रासकडे निघालेले विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले आणि १३ जण प्राणास मुकले. तरीही सेवा पुढे चालू राहिली.

कालांतराने वेगवान विमाने आली आणि नागपूरचा तो रात्रीचा मेळा मोडला. डाकोटाही निवृत्त झाले. मात्र २०१८ साली दुरुस्त केलेले एक डाकोटा ‘परशुराम’ या नावाने भारतीय वायुदलात सन्मानाने दाखल झाले. त्या रात्री पिशव्या वाहणारे हमाल, पत्रे निवडणारे कारकून, दिवे राखणारे पहारेकरी यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. देश निजला असता ते जागत होते, म्हणून सकाळी दारात पत्र येत होते. आपले सुख कोणाच्या तरी जागरणावर उभे असते, हे आपण विसरू नये.

शब्दार्थ : हकिकत – वृत्तान्त, मर्म – गाभा, आप्त – नातलग, उतारू – प्रवासी, मुद्रा – चेहरा.

स्वाध्याय
१. टपालाच्या अदलाबदलीसाठी नागपूरच का निवडले? नकाशा पाहून सांगा.
२. पाच शहरे एकमेकांस सरळ जोडण्यास किती मार्ग लागतील?
३. ‘औषधाने येत नसे ती टवटवी त्या पत्राने येई’, याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. आपण झोपेत असताना आपल्यासाठी कोण कोण जागत असतात? दहा ओळी लिहा.